भिशीचा क्लास: आधी नियम, मग चाचणी, शेवटी कोड

आमच्या चाळीत आईची भिशी दर महिन्याच्या पाच तारखेला निघायची. स्टीलचा डबा, त्यात वहीच्या पानाच्या एकाच मापाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीला चार घड्या. बाराही जणींचे हप्ते आल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नसे. चिठ्ठी उचलायला शेजारचं एखादं लहान मूल बोलवायचं, आणि जिला भिशी लागली तिची चिठ्ठी तिथल्या तिथे फाडून टाकायची. ती परत डब्यात जाणार नाही हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, म्हणून सगळ्यांसमोर फाडायची. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, तरी कधी मोडलेही नाहीत.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून कोड लिहिणं, शिकवताना पहिलं उदाहरण बहुधा कुत्रा, मांजर आणि प्राणी यांचं असतं. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं, दोघे प्राणी. त्यात मोडण्यासारखा एकही नियम नाही, त्यामुळे क्लास म्हणजे चार फंक्शनं (नाव दिलेले कोडचे तुकडे) एका पिशवीत भरणं एवढंच विद्यार्थ्याच्या डोक्यात बसतं. मी काही वर्षांपासून पहिला सराव भिशीचाच देतो, कारण भिशी नियमांवर उभी असते. क्लास म्हणजे साचा, आणि त्यातून घडलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टनं आपला नियम कुणालाही मोडू द्यायचा नाही, हे त्याचं खरं काम. आणि युनिट टेस्ट म्हणजे तोच नियम, पण यंत्राला पुन्हा पुन्हा तपासता येईल अशा शब्दांत. हे दोन्ही एकत्रच शिकावं असं माझं ठाम मत आहे.

हा सराव पायथॉनमध्ये आहे. व्हेरिएबल, लिस्ट, इफ आणि फॉर येत असलं की पुरे. एका बैठकीत, दोन-तीन तासांत होतो.

टाइप करण्याआधी लिपीबद्दल

खालचा सगळा कोड मी देवनागरीत दिला आहे. क्लास, डेफ, इफ, रेज, रिटर्न, इम्पोर्ट असे पायथॉनचे स्वतःचे शब्द, सेल्फ हे रूढ नाव, तसंच लेन, लिस्ट, सेट, ॲड, अपेंड अशी त्याची तयार फंक्शनं तुम्ही फाइलमध्ये रोमन लिपीत टाइप करा. अंकही इंग्रजी टाइप करा. कोडमध्ये देवनागरी एक लिहिलात तर सिंटॅक्स एरर येईल.

आपण ठेवलेली नावं मात्र देवनागरीतच राहू द्या. पायथॉन ३ पासून क्लास, मेथड (क्लासमधलं फंक्शन) आणि व्हेरिएबल यांची नावं देवनागरीत चालतात. नोकरीतल्या कोडमध्ये सगळी टीम वाचू शकेल अशीच नावं ठेवावी लागतात, पण शिकताना याचा मोठा फायदा होतो: जे देवनागरीत आहे ते आपलं, जे रोमनमध्ये आहे ते पायथॉनचं. नवशिक्याला नेमका हाच फरक कळत नसतो.

एकच खबरदारी. 'सुऱ्या'तला अर्धा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून लिहितात. ते न दिसणारं चिन्ह पायथॉनला नावात चालत नाही, आणि एरर आली तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेव्हा नावांत असा अर्धा र टाळा.

पायरी १: नियम कागदावर

लॅपटॉप बाजूला ठेवा आणि नियम साध्या मराठीत लिहा. माझ्या कागदावर हे उतरतात:

- हप्ता शून्यापेक्षा जास्त, सभासद किमान दोन, एक नाव एकदाच.
- भिशीची रक्कम म्हणजे हप्ता गुणिले सभासद.
- सभासद नसलेल्या व्यक्तीकडून हप्ता घ्यायचा नाही; एका महिन्यात एकीकडून दोनदा घ्यायचा नाही.
- सगळ्यांचे हप्ते आल्याशिवाय सोडत नाही.
- एकदा भिशी लागली की त्या फेरीत पुन्हा लागत नाही.
- सोडत झाली की नवा महिना, सगळ्यांचे हप्ते पुन्हा बाकी.

प्रत्येक ओळीत 'नाही' किंवा 'च' कुठे आहे ते बघा. चाचणी तिथेच लिहायची असते. 'हप्ता भरता येतो' याची चाचणी सगळेच लिहितात. 'दोनदा भरता येत नाही' याची लिहायला विसरतात, आणि पैशांचे घोळ तिथेच होतात.

एक निर्णय इथेच घेऊन टाका. पैसे पूर्णांकात ठेवायचे, दशांशात नाही. पायथॉनमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं तर नेमकं ०.३ मिळत नाही, मागे एक बारीक शेपूट राहतं. रुपये पूर्ण असतील तर रुपये, नाहीतर पैसे मोजा.

पायरी २: दोन फाइली

एका फोल्डरमध्ये दोन फाइली करा. एकीचं नाव रोमनमध्ये भिशी डॉट पीवाय, दुसरीचं टेस्ट अंडरस्कोर भिशी डॉट पीवाय. दुसऱ्या नावाची सुरुवात टेस्टनंच हवी, कारण पायथॉनचं युनिटटेस्ट मॉड्यूल त्यावरूनच चाचण्यांची फाइल शोधतं. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. युनिटटेस्ट २००१ सालच्या पायथॉन २.१ पासून पायथॉनबरोबरच येतं.

चाचणीची फाइल आधी लिहू:

```
इम्पोर्ट युनिटटेस्ट
फ्रॉम भिशी इम्पोर्ट भिशी, नियमभंग

नावं = ["सुनीता", "मंदा", "रेखा"]

डेफ पहिली(यादी):
    रिटर्न यादी[०]

क्लास भिशीच्या_चाचण्या(युनिटटेस्ट.टेस्टकेस):

    डेफ सेटअप(सेल्फ):
        सेल्फ.गट = भिशी(१०००, नावं, निवड=पहिली)

    डेफ टेस्ट_तिघींची_भिशी_तीन_हजारांची(सेल्फ):
        सेल्फ.असर्टइक्वल(सेल्फ.गट.रक्कम, ३०००)
```

इम्पोर्टच्या ओळीत पहिली 'भिशी' म्हणजे फाइल, म्हणून ती रोमनमध्ये. दुसरी म्हणजे आपला क्लास, ती देवनागरीत. 'पहिली' हे फंक्शन कशाला, ते सोडतीच्या पायरीत कळेल.

सेटअप प्रत्येक चाचणीच्या आधी नव्यानं चालतं. दहा चाचण्या असतील तर दहा वेळा नवी कोरी भिशी तयार होते. त्यामुळे एका चाचणीत भरलेला हप्ता दुसरीत सांडत नाही, आणि चाचण्या कुठल्या क्रमानं चालल्या याची फिकीर करावी लागत नाही.

सेटअप टाइप करताना यू मोठ्या लिपीतला हवा, असर्टइक्वलमधला ई मोठा, टेस्टकेसमधले टी आणि सी मोठे. पायथॉनच्या इतर मेथडची नावं लहान अक्षरांत आणि अंडरस्कोरनं जोडलेली असतात. ही तशी नाहीत कारण युनिटटेस्टचा साचा जावा भाषेतल्या जेयुनिट या चाचण्यांच्या साधनावरून घेतला आहे. जेयुनिट केंट बेक आणि एरिक गामा यांनी लिहिलं, आणि त्याचं मूळ बेकनंच स्मॉलटॉक भाषेसाठी लिहिलेल्या एसयुनिटमध्ये आहे. हा इतिहास नवशिक्याच्या थेट कामी येतो: सेटअपमधला यू लहान टाइप केलात तर पायथॉन कसलीही तक्रार करत नाही, ती मेथड फक्त कधीच चालत नाही. मग पुढे 'गट नावाचं काही नाही' अशी एरर येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

चाचणीच्या मेथडचं नाव रोमन टेस्टनं सुरू झालंच पाहिजे. पुढचा भाग देवनागरी चालेल. हे विसरलात तर ती चाचणी गुपचूप वगळली जाते. जुन्या पायथॉनमध्ये 'शून्य चाचण्या चालल्या, ओके' असं छापून येतं आणि आपण खूश होतो. ३.१२ पासून एकही चाचणी सापडली नाही तर तसं स्पष्ट सांगितलं जातं. तरीही चाचण्यांचा आकडा वाचायची सवय लावा. 'ओके' हा शब्द नंतर वाचा.

आता टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन 'पायथॉन, डॅश एम, युनिटटेस्ट' असं चालवा. एरर येईल, कारण भिशी नावाचा क्लासच अजून नाही. ही एरर मुद्दाम पाहायची. जी चाचणी आपण कधी नापास झालेली पाहिलीच नाही, ती काही तपासते आहे याला आधार नाही.

पायरी ३: क्लासचा सांगाडा

```
इम्पोर्ट रँडम

क्लास नियमभंग(एक्सेप्शन):
    पास

क्लास भिशी:

    डेफ __इनिट__(सेल्फ, हप्ता, नावं, निवड=रँडम.चॉइस):
        इफ हप्ता <= ०:
            रेज नियमभंग("हप्ता शून्यापेक्षा जास्त हवा")
        इफ लेन(नावं) < २:
            रेज नियमभंग("किमान दोन सभासद हवेत")
        इफ लेन(सेट(नावं)) != लेन(नावं):
            रेज नियमभंग("एकच नाव दोनदा आलं आहे")
        सेल्फ._हप्ता = हप्ता
        सेल्फ._सभासद = लिस्ट(नावं)
        सेल्फ._निवड = निवड
        सेल्फ._भरलेल्या = सेट()
        सेल्फ._लागलेल्या = []

    @प्रॉपर्टी
    डेफ रक्कम(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ._हप्ता * लेन(सेल्फ._सभासद)
```

इनिट ही नवी भिशी तयार होताना आपोआप चालणारी मेथड. तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात. रेज म्हणजे एरर देऊन तिथेच थांबणं. एक-एकच दिलात तर पायथॉनला ती साधी मेथड वाटते आणि 'भिशी कसलेही आर्ग्युमेंट (कंसात दिलेली किंमत) घेत नाही' अशा अर्थाची एरर येते.

सेल्फवर थोडं थांबतो, कारण इथे जवळपास प्रत्येक जण अडतो. आपण गट.हप्ता_भर("मंदा") असं लिहितो तेव्हा पायथॉन ते भिशी.हप्ता_भर(गट, "मंदा") असं वाचतो. टिंबाच्या डावीकडचा गट उचलून तो कंसात पहिल्या जागी ठेवतो, आणि मेथडमध्ये त्यालाच सेल्फ म्हणतात. म्हणून मेथड लिहिताना सेल्फ विसरलात तर 'एक आर्ग्युमेंट हवं होतं, दोन दिली' अशी एरर येते, आणि आपण तर कंसात एकच दिलेलं असतं. तो दुसरा म्हणजे गट. हे एकदा कागदावर बाण काढून समजून घ्या, मग ती एरर कधी घाबरवणार नाही.

रक्कम साठवलेली नाही, दर वेळी काढली आहे. जी गोष्ट दुसऱ्या दोन गोष्टींवरून निघते ती वेगळी साठवली की कधीतरी दोन्हींचा मेळ चुकतो. प्रॉपर्टी लावल्यानं ती कंसाशिवाय वाचता येते आणि बाहेरून बदलता मात्र येत नाही.

नावापुढचा एक अंडरस्कोर म्हणजे 'हे आतलं, हात लावू नका' अशी पाटी. पायथॉन हात धरत नाही, गट._भरलेल्या बाहेरून बदलणं शक्य आहे. पण ही पाटी पाळायची, आणि चाचणीतही पाळायची. चाचणी अंडरस्कोरवालं काही वाचू लागली की आतली रचना बदलताक्षणी ती मोडते, नियम शाबूत असला तरी.

चाचणी चालवा. एक चाचणी, ओके.

दोन भिश्या, एकच डबा

एका विद्यार्थ्यानं दाखवलेला कोड मला अजून आठवतो. त्यानं यादी इनिटमध्ये न करता क्लासच्या अंगातच केली होती:

```
क्लास भिशी:
    सभासद = []
```

एक भिशी केली, तीन नावं टाकली, सगळं बरोबर. दुसरी भिशी केली, दोन नावं टाकली आणि सभासद मोजले तर पाच. तो अर्धा तास बेरजेच्या ओळीकडे बघत होता. चूक बेरजेत नव्हती. क्लासच्या अंगात लिहिलेली यादी सगळ्या भिश्यांची मिळून एकच असते. प्रत्येकीला स्वतःचा डबा हवा असेल तर तो इनिटमध्ये, सेल्फवर, नव्यानं करावा लागतो.

याचाच जुळा भाऊ म्हणजे लिस्ट(नावं) न लिहिता नुसतं नावं ठेवणं. मग बाहेरच्यानं आपल्या यादीत एक नाव वाढवलं की चालू भिशीत एक सभासद आपोआप घुसतो. दोन्हींसाठी चाचण्या लिहून ठेवा:

```
    डेफ टेस्ट_दोन_भिश्यांचे_हप्ते_वेगळे(सेल्फ):
        दुसरी = भिशी(५००, नावं)
        सेल्फ.गट.हप्ता_भर("मंदा")
        दुसरी.हप्ता_भर("मंदा")

    डेफ टेस्ट_बाहेरची_यादी_बदलली_तरी_रक्कम_तीच(सेल्फ):
        यादी = लिस्ट(नावं)
        गट = भिशी(१०००, यादी)
        यादी.अपेंड("शोभा")
        सेल्फ.असर्टइक्वल(गट.रक्कम, ३०००)
```

पहिल्या चाचणीत असर्ट, म्हणजे उत्तर ताडून बघणारी ओळ, नाही, तरी ती चाचणीच आहे: डबा एकच असता तर मंदाचा दुसरा हप्ता 'दोनदा भरला' म्हणून नाकारला गेला असता. आत्ता ती नापास होईल, कारण हप्ता_भर अजून लिहायचं आहे.

पायरी ४: हप्ता भरणं

```
    डेफ टेस्ट_परकीचा_हप्ता_घ्यायचा_नाही(सेल्फ):
        विथ सेल्फ.असर्टरेझेस(नियमभंग):
            सेल्फ.गट.हप्ता_भर("शोभा")

    डेफ टेस्ट_महिन्यात_दोनदा_हप्ता_नाही(सेल्फ):
        सेल्फ.गट.हप्ता_भर("मंदा")
        विथ सेल्फ.असर्टरेझेस(नियमभंग):
            सेल्फ.गट.हप्ता_भर("मंदा")
```

दुसऱ्या चाचणीत मंदाचा पहिला हप्ता विथच्या बाहेर आहे, हे नीट बघा. दोन्ही ओळी आत टाकल्या आणि पहिल्याच ओळीला एरर आली, तर चाचणी पास होईल आणि आपल्याला वाटेल दुसरा हप्ता नाकारला गेला. विथच्या आत एकच ओळ, जिनं एरर द्यायला हवी तीच.

आपण नियमभंग हा स्वतःचा एक्सेप्शन, म्हणजे स्वतःच्या प्रकारची एरर, का केला, तेही इथेच दिसतं. असर्टरेझेसमध्ये नियमभंगऐवजी नुसतं एक्सेप्शन लिहिलंत आणि हप्ता_भर ऐवजी चुकून हप्ता_बर टाइप केलंत, तरी चाचणी हिरवी येते, म्हणजे पास होते. अशी मेथड नाही म्हणून एरर आली, आणि एरर हवीच होती! कुठली एरर हवी हे अचूक सांगितलं की ही फसगत टळते.

आता मेथड:

```
    डेफ हप्ता_भर(सेल्फ, नाव):
        इफ नाव नॉट इन सेल्फ._सभासद:
            रेज नियमभंग(नाव + " सभासद नाही")
        इफ नाव इन सेल्फ._भरलेल्या:
            रेज नियमभंग(नाव + " चा हप्ता आला आहे")
        सेल्फ._भरलेल्या.ॲड(नाव)
```

आधी सगळ्या तपासण्या, मग बदल. उलट केलंत, म्हणजे आधी नोंद केली आणि मग तपासलं, तर एरर येऊनही चुकीची नोंद आत राहून जाते.

पायरी ५: सोडत

चिठ्ठी कुणाची निघेल हे नशिबावर, मग चाचणीत उत्तर काय लिहायचं? बरेच जण इथे सोडतीची चाचणीच सोडून देतात. काही जण रँडम.सीड, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक आकडा, वापरून क्रम गोठवतात. ते चालतं, पण 'अमुक सीडला मंदाच का?' याचं उत्तर चाचणी वाचणाऱ्याला कुठेच दिसत नाही.

चाळीतल्या डब्याकडे परत बघा. भिशीचे नियम आणि चिठ्ठी उचलणारं मूल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल कुठलंही आणा, नियम तेच. म्हणून इनिटमध्ये आपण 'निवड' नावाची जागा ठेवली. एरवी तिथे यादीतून कुठलंही एक नाव उचलणारं रँडम.चॉइस असतं, चाचणीत आपण आपलं मूल आणतो, जे नेहमी पहिलीच चिठ्ठी उचलतं. 'पहिली' फंक्शन ते हेच. भिशीला फरक कळतही नाही.

```
    डेफ सगळ्या_भरा(सेल्फ):
        फॉर नाव इन नावं:
            सेल्फ.गट.हप्ता_भर(नाव)

    डेफ टेस्ट_हप्ते_बाकी_असताना_सोडत_नाही(सेल्फ):
        सेल्फ.गट.हप्ता_भर("सुनीता")
        सेल्फ.गट.हप्ता_भर("मंदा")
        विथ सेल्फ.असर्टरेझेस(नियमभंग):
            सेल्फ.गट.सोडत()

    डेफ टेस्ट_लागलेलीला_पुन्हा_नाही(सेल्फ):
        सेल्फ.सगळ्या_भरा()
        सेल्फ.असर्टइक्वल(सेल्फ.गट.सोडत(), "सुनीता")
        सेल्फ.सगळ्या_भरा()
        सेल्फ.असर्टइक्वल(सेल्फ.गट.सोडत(), "मंदा")
```

पहिल्या चाचणीत तीनपैकी दोघींचे हप्ते भरलेत, शून्य नाही. चूक नेहमी उंबरठ्यावर होते. एक कमी असतानाची स्थिती तपासली की शून्याची वेगळी तपासावी लागत नाही.

दुसरीत सुनीताची चिठ्ठी फाडली गेली नसती तर 'पहिली'नं पुन्हा तीच उचलली असती. आणि महिना पुन्हा कोरा झाला नसता तर दुसऱ्या सगळ्या_भरालाच एरर आली असती. एका चाचणीत दोन नियम तपासले जाणं मला एरवी पटत नाही, पण इथे दुसरी सोडत गाठायची तर हप्ते पुन्हा भरावेच लागतात.

```
    डेफ सोडत(सेल्फ):
        इफ लेन(सेल्फ._भरलेल्या) < लेन(सेल्फ._सभासद):
            रेज नियमभंग("हप्ते बाकी आहेत")
        उरलेल्या = []
        फॉर नाव इन सेल्फ._सभासद:
            इफ नाव नॉट इन सेल्फ._लागलेल्या:
                उरलेल्या.अपेंड(नाव)
        मिळालेली = सेल्फ._निवड(उरलेल्या)
        सेल्फ._लागलेल्या.अपेंड(मिळालेली)
        सेल्फ._भरलेल्या.क्लिअर()
        रिटर्न मिळालेली
```

खरं नशीब वापरूनही एक चाचणी हवीच: पूर्ण फेरी चालवा आणि प्रत्येकीला बरोबर एकदा लागली का ते बघा. कुणाला कधी लागली याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून दोन्ही याद्या सॉर्ट करून ताडायच्या.

```
    डेफ टेस्ट_पूर्ण_फेरीत_प्रत्येकीला_एकदाच(सेल्फ):
        बारा = []
        फॉर अंक इन रेंज(१२):
            बारा.अपेंड("सभासद" + एसटीआर(अंक))
        गट = भिशी(१०००, बारा)
        मिळाल्या = []
        फॉर महिना इन बारा:
            फॉर नाव इन बारा:
                गट.हप्ता_भर(नाव)
            मिळाल्या.अपेंड(गट.सोडत())
        सेल्फ.असर्टइक्वल(सॉर्टेड(मिळाल्या), सॉर्टेड(बारा))
```

तीनऐवजी बारा सभासद मुद्दाम घेतले. समजा चिठ्ठी फाडायचा नियम कोडमध्ये राहूनच गेला. तीन सभासद असतील तर केवळ योगायोगानं तिघींना एकेकदा लागण्याची शक्यता २७ मध्ये ६ आहे, म्हणजे साडेचार वेळांत एकदा चुकीचा कोड पास होईल. बारा सभासदांत तोच योगायोग सुमारे १८,६०० वेळांत एकदाच घडतो. नशिबावरची चाचणी लिहिताना हा हिशेब वहीत करून बघा. हातानं करता येतो.

पायरी ६: फेरी संपल्यावर

माझ्या कागदावरच्या सहा ओळींत एक नियम राहून गेला होता, आणि तो मला चाचणी लिहितानाच दिसला. तीन महिने झाले, तिघींना भिशी लागली. चौथ्या महिन्यात मंदा हप्ता घेऊन आली तर?

```
    डेफ टेस्ट_संपलेल्या_भिशीत_हप्ता_घ्यायचा_नाही(सेल्फ):
        फॉर महिना इन रेंज(३):
            सेल्फ.सगळ्या_भरा()
            सेल्फ.गट.सोडत()
        विथ सेल्फ.असर्टरेझेस(नियमभंग):
            सेल्फ.गट.हप्ता_भर("मंदा")
```

चालवलं की 'नियमभंग नॉट रेझ्ड' येतं. आपल्या भिशीनं मंदाचे हजार रुपये मुकाट घेतले. तिघींनी भरले असते तर सोडतीच्या वेळी उरलेल्यांची यादी रिकामी निघाली असती आणि रँडम.चॉइसनं रिकाम्या यादीची कुरकुर केली असती, पण तोवर तीन हजार गोळा झालेले. पहिल्यांदा सुचतं ते सोडतीत तपासणी घालणं. ती जागा चुकीची आहे. पैसे हातात घेण्याआधीच नाही म्हणायला हवं, म्हणून तपासणी हप्ता_भरमध्ये, सगळ्यात वर:

```
        इफ लेन(सेल्फ._लागलेल्या) == लेन(सेल्फ._सभासद):
            रेज नियमभंग("ही फेरी संपली")
```

सोडतीत वेगळं काही घालावं लागत नाही. फेरी संपल्यावर हप्तेच येऊ शकत नाहीत, त्यामुळे 'हप्ते बाकी आहेत' हा जुना नियमच सोडत अडवतो. कागदावरही ही सातवी ओळ लिहून टाका.

सभासदाचा वेगळा क्लास हवा का?

आत्ता नको. 'वाक्यातलं प्रत्येक नाम म्हणजे एक क्लास' असं काही ठिकाणी शिकवतात. मग भिशी, सभासद, हप्ता, महिना, चिठ्ठी असे पाच क्लास होतात आणि त्यातल्या चारांत इनिटशिवाय काही नसतं. ज्याला स्वतःचा नियम सांभाळायचा आहे त्यालाच क्लास द्या. सभासद आत्ता फक्त एक नाव आहे, नावाला स्ट्रिंग पुरते.

स्ट्रिंग कधी अपुरी पडते, तेही ओळखता आलं पाहिजे. 'मंदा' आणि शेवटी एक रिकामी जागा असलेलं 'मंदा ' ही पायथॉनला दोन वेगळी नावं. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन कीबोर्डांवर टाइप केलं तर वर सांगितलेल्या न दिसणाऱ्या चिन्हामुळे दिसायला तेच, पण तुलनेत वेगळं निघू शकतं. आणि खऱ्या भिशीत एखादी बाई दोन नंबर घेते: दोन हप्ते भरते, तिच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या डब्यात पडतात, फेरीत दोनदा लागते. आपला क्लास तिला दारातच 'एकच नाव दोनदा' म्हणून परत पाठवतो. हा बदल तुम्ही करून बघा. त्याची पहिली चाचणी अशी असेल: सुनीताचे दोन नंबर, मंदाचा एक, हप्ता हजार, तर रक्कम तीन हजार. पुढच्या चाचण्या लिहू लागलात की 'नंबर' नावाची एक गोष्ट स्वतःचा क्लास मागू लागेल. मागू दे, मग द्या.

शेवटची पायरी: मुद्दाम मोडून बघा

सगळं हिरवं झालं की भिशीच्या फाइलमधली एकेक महत्त्वाची ओळ तात्पुरती बंद करा आणि चाचण्या चालवा. क्लिअरची ओळ बंद करा: काही तरी लाल, म्हणजे नापास, व्हायला हवं. लिस्ट(नावं) ऐवजी नुसतं नावं लिहा: बाहेरच्या यादीची चाचणी लाल व्हायला हवी. 'किमान दोन सभासद' ही तपासणी बंद करा.

तिसऱ्या वेळी सगळं हिरवंच राहील. इनिटमधल्या तिन्ही तपासण्यांसाठी आपण एकही चाचणी लिहिलेली नाही. त्या तीन आता तुम्ही लिहा, प्रत्येक आधी लाल झालेली पाहून.